एरंडावरील दोन तोतये

ज्यांच्या पंखांच्या कडा कात्रीने वेड्यावाकड्या कातरल्यासारख्या दिसतात, ती पॉलिगोनिया वंशाची खरी कोनपंखी फुलपाखरे आपल्या देशात हिमालयातील थंड मुलखाची रहिवासी असल्यामुळे अमरावती-अकोल्याच्या रखरखीत उन्हात त्यांचा तपास करणे व्यर्थ होय. तथापि इंग्रजी नामावलीत ‘अँगल्ड’ ही उपाधी मिरविणारे एक निराळेच फुलपाखरू, अँगल्ड कॅस्टर, वऱ्हाडच्या हद्दीत नांदत असून त्याचा सख्खा जातभाई कॉमन कॅस्टर याच्याशी त्याची इतकी बेमालूम गफलत होते, की घाईघाईने केलेल्या नोंदींवर विसंबणे मला तरी धोक्याचे वाटते.

दोन्ही विटकरी-तपकिरी, दोहोंच्या पुढील पंखाच्या टोकाशी, वरच्या कडेवर, एकेक शुभ्र ठिपका, आणि दोहोंच्या अळ्या एरंडाच्या किंवा ट्रॅजिया या खाजऱ्या वेलीच्या पानांवर उदरनिर्वाह करणाऱ्या. तेव्हा रंग अथवा झाड हा पुरावा ग्राह्य नव्हे. खरा दाखला पंखांवरील काळ्या रेषांचा: अँगल्डच्या रेषा बारीक, सुट्या व रेखीव असतात, तर कॉमनच्या अधिक नागमोडी असून जोडीजोडीने धावतात. अँगल्डच्या पुढील पंखाची बाह्य कडाही टोकाखाली अधिक खोल, कोनाकृती वळते. मात्र झिजलेल्या पंखांवर ही खूण फसवी ठरते.

सुदैवाने ही फुलपाखरे पंख पसरून निवांत बसतात. म्हणून बांधावरच्या एरंडापाशी थांबून वाचकांनी प्रथम रेषा पाहाव्यात, नाव मागाहून लिहावे.