माळ्यावरचा तंबू चिकट का होतो?
पावसाळा संपला आणि तुम्ही बोरिवलीच्या घरातला माळ्यावरचा जुना तंबू काढलात. आतून चिकट, शिवाय कुबट वास. लगेच नवा घ्यायचा? थांबा, आधी कारण बघू.

नायलॉनचं कापड बहुधा शाबूत असतं. बिघडतो तो आतला पॉलियुरेथेनचा थर. हवेतला दमटपणा त्यातले एस्टर बंध तोडतो. त्यातून आम्ल तयार होतं आणि तेच ही अभिक्रिया आणखी वाढवतं. म्हणूनच न वापरलेला तंबूही खराब होतो!

कापड ताणून बघा. फाटत नसेल, तर सुटलेला थर धुऊन काढा, कडकडीत वाळवा, नवा लेप द्या. फाटलं, तर नाद सोडा.

‘खराब झालं’ हे फक्त निरीक्षण. कोणता थर, कशामुळे? संशोधन इथून सुरू होतं.