पेटीतले कागद
(सैनिकाच्या अपंगत्व निवृत्तिवेतनासाठी वैद्यकीय पुरावा कसा जमवावा)

— द्वितीय वर्ष, कला

आमचा सातारा जिल्हा हा सैनिकांचा जिल्हा. अपशिंगे या गावाला तर लोक ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखतात. आपल्या वर्गातही असे पुष्कळ विद्यार्थी सापडतील की ज्यांचे वडील, चुलते किंवा आजोबा पलटणीत होते. तेव्हा मी पुढे जे लिहीत आहे ते केवळ घरचे गाऱ्हाणे नव्हे. इतरांच्याही उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहे.

माझे वडील (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) १९९४ साली पायदळात भरती झाले आणि १७ वर्षे नोकरी करून २०११ मध्ये नाईक म्हणून घरी आले. त्यांचा उजवा गुडघा नीट वाकत नाही. पंगतीत त्यांना मांडी घालता येत नाही, एस.टी.ची पायरी चढताना दांडा धरून आधी डावा पाय टाकतात. कारण विचारले तर “बर्फात पडलो होतो” एवढेच सांगतात.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आईने त्यांची काळी ट्रंक उन्हात काढली. तीत २०११ सालचे एक इंग्रजी पत्र मला सापडले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. अण्णांनी ते पत्र त्या वेळी कोणाकडून तरी वाचून घेतले होते आणि ‘नामंजूर’ एवढाच अर्थ मनात ठेवून ट्रंकेत टाकले होते. मी ते शब्दकोश घेऊन वाचले. गुडघ्याचे अपंगत्व २० टक्के आहे, पण ते सैनिकी सेवेमुळे झालेले नाही आणि सेवेमुळे वाढलेलेही नाही, असे त्यात होते. सहा महिन्यांत अपील करता येईल, असेही शेवटी लिहिले होते. मी अर्थ सांगितल्यावर अण्णा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हंजे मी खोटं बोललो, असं लिवलंय का?”

या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मला सगळा विषय समजला.

सैनिक सेवेतून मोकळा होताना लष्करी डॉक्टरांचे एक मंडळ त्याला तपासते. त्याला रिलीज मेडिकल बोर्ड म्हणतात. हे बोर्ड मुख्यतः दोन प्रश्नांची उत्तरे लिहिते. अपंगत्व किती टक्के? आणि त्याचा सेवेशी संबंध काय? अपंगत्व २० टक्के किंवा अधिक असावे लागते. संबंध दोन प्रकारचा असू शकतो. दुखणे सेवेमुळेच जडले, हा एक. दुखणे मुळात दुसऱ्या कारणाचे असले तरी सेवेतील परिस्थितीमुळे ते बळावले, हा दुसरा. दोहोंपैकी एक सिद्ध झाला तरी पुरते. अण्णांच्या बाबतीत टक्के मान्य होते, संबंध अमान्य होता. पत्राने अण्णांना खोटे ठरवले नव्हते. बोर्डाने गुडघ्याच्या झिजेला वयोमानाची झीज म्हटले होते, इतकेच.

आता माझी पहिली चूक सांगतो. मी अण्णांना तालुक्याच्या एका हाडांच्या डॉक्टरांकडे नेले आणि ‘हा त्रास सैनिकी नोकरीमुळे झाला आहे’ असे प्रमाणपत्र मागून घेतले. मोठी कामगिरी केली असे वाटून ते आमच्या आळीतल्या निवृत्त सुभेदार आबांना दाखवले. आबा हसले आणि म्हणाले, “पोरा, ह्या डॉक्टरांनी अण्णाचा गुडघा आज बघितला. बर्फात पडला तवा ते तिथं होते का?”

आबांचे म्हणणे खरे होते. आजचा डॉक्टर आजची स्थिती सांगू शकतो. एक्स-रे, गुडघा किती अंश वाकतो, झीज कितपत आहे, हे त्याने लिहावे. पण वीस वर्षांपूर्वीचे कारण नुसत्या मताने सिद्ध होत नाही. जुने कागद पाहून, अमुक इजेमुळे पुढे अशी झीज होऊ शकते, असे डॉक्टरने कारणांसह लिहिले तरच त्याला वजन येते. म्हणून आधी जुने कागद हवेत.

हे कागद असतात पलटणीच्या अभिलेख कार्यालयात. २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली आपले स्वतःचे वैद्यकीय कागद मागता येतात. १० रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडायची, सैनिक क्रमांक, हुद्दा, भरतीची व सुटीची तारीख लिहायची आणि ‘सर्व कागद’ असे मोघम न म्हणता एकेकाचे नाव घालायचे. कायद्याने ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. अर्जाचा मसुदा तपासायला आम्ही जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलो होतो. आम्ही मागितलेले कागद असे :

१) भरतीच्या वेळची वैद्यकीय तपासणी. तीत गुडघ्याच्या दोषाची नोंद नसेल, तर माणूस धडधाकट आत गेला हे त्यावरून दाखवता येते.

२) इजेचा अहवाल. अपघात ड्यूटीवर झाला की नाही, हे त्यात अधिकारी लिहितो. चौकशी झाली असल्यास तिचेही कागद.

३) इस्पितळात दाखल झाल्याचे व सोडल्याचे कागद.

४) वैद्यकीय श्रेणीच्या बोर्डांचे कागद. सैन्यात मन, कान, हातपाय, शरीरशक्ती व डोळे अशी पाच अंगांनी श्रेणी ठरवतात आणि ती उतरली की ठरावीक मुदतीने फेरतपासणी होते.

५) रिलीज मेडिकल बोर्डाची संपूर्ण कार्यवाही, विशेषतः ‘कारणे’ हा रकाना.

उत्तरादाखल ४१ पानांच्या झेरॉक्स आल्या. मी त्या तारखेप्रमाणे लावल्या आणि प्रत्येक कागदाची एका ओळीत नोंद केली. भरतीच्या तपासणीत गुडघ्याविषयी काही नव्हते. इजेचा अहवाल मिळाला नाही. पण २००३ सालच्या इस्पितळाच्या कागदावर एक ओळ होती : ड्यूटीवर असताना बर्फावर घसरून उजवा गुडघा पिरगळला. रॉकेलचा कॅन पाठीवर घेऊन चौकीकडे चढताना पडल्याचे अण्णांनी तेव्हा प्रथमच आम्हांला सांगितले.

२००४ व २००५ च्या बोर्डांत श्रेणी उतरलेली होती. २००६ मध्ये मात्र ‘पूर्ण तंदुरुस्त’ असा शेरा, आणि पुढे २००९ पर्यंत गुडघ्याचा उल्लेखच नाही. साखळीतल्या तीन वर्षांच्या कड्या तुटल्या होत्या. मी अण्णांना विचारले, “या काळात तुम्हांला दुखत नव्हतं का?” ते म्हणाले, “दुखत होतं की. पण श्रेणी उतरलेली असली की बढतीला अडचण. नाईकाची फीत पाहिजे होती. डॉक्टरांम्होरं उठाबशा काढून दाखवल्या.”

मला वाटते, असे पुष्कळ सैनिकांच्या बाबतीत घडत असेल. जो दुखणे लपवून काम करतो, त्याच्याच कागदांत पुढे पोकळी राहते आणि वाचणारा म्हणतो, मध्ये दुखणे नव्हतेच. हे अपिलात लिहावे की नाही, यावर घरात दोन दिवस वाद झाला. आई म्हणाली, नको. अण्णा म्हणाले, “खरं हाय ते लिव.” आम्ही खरे तेच लिहिले. त्याला आधार म्हणून २००९ सालचा त्याच गुडघ्याचा एक्स-रे अहवाल जोडला, निवृत्तीनंतर माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत घेतलेल्या उपचारांचे कागद जोडले आणि त्या दिवशी बरोबर असलेल्या एका सोबत्याचे प्रतिज्ञापत्र मिळवले. हाडांच्या डॉक्टरांनीही जुने कागद पाहून नवे, सकारण मत दिले.

सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा धरमवीरसिंग खटल्याचा निकालही आम्ही जोडला. सिग्नल्सच्या या सैनिकाला १९९४ मध्ये फेफऱ्याच्या विकारामुळे घरी पाठवले होते. भरतीच्या वेळी दोषाची नोंद नसेल तर तो धडधाकट होता असे मानावे आणि बोर्डाने उलट मत दिले तर त्याची कारणे द्यावीत, असे न्यायालयाने म्हटले. तो सैनिक जुन्या, १९८२ च्या नियमांखालचा होता आणि अण्णा २००८ च्या नियमांखालचे आहेत, हा फरक ध्यानात ठेवला पाहिजे. २१ सप्टेंबर २०२३ नंतर निवृत्त झालेल्यांना तर आणखी नवे नियम आहेत. म्हणून प्रथम सुटीची तारीख पाहावी, मग नियम.

२००८ च्या नियमांत एक कलम फार महत्त्वाचे आहे. एरवी सैनिकावर पुराव्याचा भार नसतो. पण सेवेतून सुटल्यावर १५ वर्षांनंतर, जुने कागद मुदत संपून नष्ट झाल्यावर दावा केला, तर तो भार त्याच्यावर येतो. अण्णांची १५ वर्षे २०२६ मध्ये पुरी होतात. ट्रंक आणखी काही वर्षे बंद राहिली असती तर काय झाले असते, याचा विचार करवत नाही.

उशिराबद्दल माफीचा अर्ज जोडून अपील पाठवले आहे. तेथे न्याय न मिळाल्यास सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचे मुंबई खंडपीठ आहे. निकाल काय लागेल ते मी सांगू शकत नाही. पण आता अण्णा संध्याकाळी ओट्यावर बसून ती कागदांची यादी स्वतः वाचतात. २००३ च्या ओळीशी आले की बोट ठेवून थांबतात.

माझ्या विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरीही अशी एखादी ट्रंक असेल. या सुट्टीत ती उघडा. एकही कागद टाकून देऊ नका, मूळ प्रत कोणाच्या हाती देऊ नका, आणि वडीलधाऱ्यांजवळ बसून प्रत्येक तारखेची हकिगत विचारून घ्या.