'हात ऐकत नाही' : अंगाचे भान, धडाचा आधार आणि रुग्णाची भाषा

वैद्यकाची परिभाषा आणि रुग्णाची बोली यांच्यातील अंतर केवळ शब्दांचे नसते. पुष्कळदा निदानाची दिशाच त्यावर अवलंबून असते. मल्टिपल स्क्लेरोसिस या विकारात याचा विशेष प्रत्यय येतो. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील वडीगोद्रीसारख्या गावची एखादी स्त्री डॉक्टरांपुढे बसून 'हात ऐकत नाही' एवढेच सांगते, तेव्हा त्या तीन शब्दांआड किमान तीन निरनिराळे दोष असू शकतात.

प्रथम विकाराचे स्वरूप पाहू. 1868 साली फ्रेंच वैद्य शार्को यांनी त्याचे व्यवस्थित वर्णन केले. यात शरीराची संरक्षक यंत्रणाच मज्जातंतूंवरील मायेलिन नावाच्या आवरणावर उलटते आणि मेंदूत व मज्जारज्जूत जागोजागी कठीण चट्टे पडतात. 'कठीण' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच विकाराचे नाव आले आहे. आवरण झिजले की संदेश मंदावतात किंवा अडतात. विकाराचा आरंभ बहुधा 20 ते 40 या वयात होतो आणि त्याचे प्रमाण स्त्रियांत अधिक आढळते. युरोपच्या मानाने तो भारतात विरळ असल्यामुळे त्याची शंकाही उशिरा येते.

आता 'हात ऐकत नाही' याचा पहिला अर्थ घेऊ : हातात जोर नाही. आज्ञा नेणारे तंतू दुखावले म्हणजे असे होते. दुसरा अर्थ : हात कोठे आहे हेच कळत नाही. स्नायू व सांधे यांच्याकडून मेंदूला अवयवांच्या स्थितीची वार्ता सतत पोहोचत असते. शेरिंग्टन यांनी 1906 साली या संवेदनेला 'प्रोप्रियोसेप्शन' असे नाव दिले. ती मंदावली तर डोळे उघडे असताना हात काम करतो, डोळे मिटताच चाचपडतो. तिसरा अर्थ : हाताला जोर आहे, स्थितीही कळते, परंतु नेम चुकतो. लहान मेंदूच्या वाटा बिघडल्या म्हणजे पेला जवळ येईल तसतसा हाताचा कंप वाढतो.

या तिन्हींच्या मुळाशी आणखी एक गोष्ट आहे; ती म्हणजे धड. हात पुढे करण्यापूर्वी, क्षणाच्या अल्पांशाने आधी, पाठीचे व पोटाचे स्नायू आवळले जातात. अन्यथा हाताच्या वजनाने शरीरच कलेल. ही पूर्वतयारी 1967 साली रशियन संशोधकांनी प्रयोगाने दाखवली. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये ती उशिरा किंवा अपुरी होऊ शकते. मग भाकरी थापणारी स्त्री एक हात जमिनीला टेकते आणि दोन हातांचे काम एकावर येते. तिला भिंतीला पाठ टेकवून बसवल्यावर तोच हात सुधारला, तर दोषाचा काही भाग हातात नसून धडात आहे असे समजावे. येथे मराठीचा एक विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. 'धड' म्हणजे मानेखालचा देह, आणि 'धड' म्हणजे नीट, शाबूतही. व्युत्पत्तीचा आग्रह न धरताही म्हणता येईल की, धड स्थिर नसेल तर हाताचे कोणतेच काम धड होत नाही.

'भान' या शब्दाची गोष्ट वेगळी आहे. संतपरंपरेत देहभान हरपणे ही परमावस्था. वैद्यकात अंगाचे भान हरपणे ही हानी. म्हणूनच प्रश्नावलीचा अनुवाद करणाऱ्याने 'आपल्याला शरीराची जागरूकता आहे काय?' असे लिहिले तर उत्तर मिळते, परंतु ते भलत्याच प्रश्नाचे असते. 'डोळे मिटल्यावर हात कुठे आहे ते कळतं का?', 'टेकल्याशिवाय बसून दोन्ही हातांनी काम होतं का?' असे विचारल्यास अर्थाला बाध येत नाही.

रूढ शब्दही दिशाभूल करतात. हातपाय लुळे पडले की 'अंगावरून वारं गेलं' असे म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु पक्षाघाताचा झटका बहुधा अचानक येतो; या विकाराची लक्षणे पुष्कळदा काही तासांत किंवा दिवसांत वाढतात, आठवड्यांनी ओसरतात आणि पुन्हा उद्भवू शकतात. 'वारं' हा शब्द एकदा लागला की पुढील तपास थांबण्याचा धोका असतो.

उष्णतेचा परिणाम तर अधिकच फसवा. अंग तापले की आवरण झिजलेल्या तंतूंतून संदेश जाणे आणखी कठीण होते. 1890 साली उटहॉफ यांनी याची नोंद केली. मराठवाड्यातील वैशाखात दुपारी निकामी झालेला हात गारव्याला पुन्हा चालू लागतो. पाहणाऱ्यांना ते सोंग वाटते, वास्तविक तेच लक्षण असते.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारांमध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसचा समावेश झाला आहे. परंतु हक्क मिळण्यास प्रमाणपत्र लागते, प्रमाणपत्रास तपासणी लागते, आणि तपासणीचा आरंभ रुग्णाच्या वाक्यापासून होतो. ते वाक्य 'सांगता येत नाही' म्हणून सोडून न देता 'कधी, कुठे, कशाला टेकल्यावर' असे विचारीत उलगडणे, हे वैद्याइतकेच भाषेच्या अभ्यासकाचेही कार्य होय.