आधी पिंपाची चौकशी करा

चिखलीत घरी भाजी लावायची म्हटलं की बहुतेक जण आधी बी आणायला धावतात. माझं म्हणणं असं की आधी पिंपाची चौकशी करा. आमच्या भागात भंगारवाल्याकडे प्लास्टिकची निळी पिंपं सहज मिळतात. एक पिंप आडवं कापलं की दोन ऐसपैस कुंड्या होतात, स्वस्त पडतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. पण त्यात आधी काय होतं? आंब्याचा पल्प होता, ग्लुकोजचा पाक होता, की प्लेटिंगच्या हौदात ओतायचं रसायन? विकणारा म्हणतो, ‘धुऊन दिलंय साहेब.’ पिंपाच्या बुडाशी त्रिकोणात 2 हा आकडा असतो, तो दाखवून ‘फूड ग्रेड आहे’ असंही सांगितलं जातं. त्या आकड्याचा अर्थ एवढाच की प्लास्टिक एचडीपीई जातीचं आहे. आत काय भरलं होतं, ते तो आकडा सांगत नाही. मूळ लेबल शाबूत असेल आणि त्यावर खाण्याच्या पदार्थाचं नाव असेल, तरच मी पिंप घेतो. नाहीतर सरळ नवी ग्रो बॅग घ्यावी.

मी चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. आमच्याकडे लोखंडाचा बार आला की त्यावर हीट नंबर, म्हणजे तो भट्टीच्या कोणत्या घाण्यातला आहे याची खूण, बघतात. नंबर नसलेला माल कितीही चकचकीत असो, मशिनवर चढत नाही. गच्चीवरच्या भाजीलाही मी हाच नियम लावला आहे. माती, पिंप, पाणी, शेण, बी, प्रत्येक गोष्ट कुठून आली हे मला सांगता आलं पाहिजे. औषध मारलं नाही म्हणजे भाजी सेंद्रिय झाली, असा समज सर्रास आहे. कारखान्यांच्या पट्ट्यात राहणाऱ्याला तेवढ्यावर भागवता येत नाही.

चिखली हे मुळात इंद्रायणीकाठचं शेतीचं गाव. जुनी माणसं अजून टाळगाव चिखली म्हणतात. 1997 मध्ये गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं आणि बघता बघता शेतांच्या जागी वर्कशॉप, पत्राशेड, भंगाराची गोदामं आणि आमच्यासारख्यांच्या सोसायट्या उभ्या राहिल्या. चिखलीतल्याच कुदळवाडीत भंगाराला लागलेल्या आगींचा काळा धूर इथल्या प्रत्येकानं पाहिला आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये महापालिकेनं तिथली हजारो शेड पाडली. शेड गेली, पण त्याखालची माती तिथेच आहे. बांधकामाच्या खोदाईतली माती ‘काळी आहे, चांगली आहे’ म्हणून कुणी फुकट आणून टाकत असेल, तर ती कुठल्या प्लॉटवरची हे विचारल्याशिवाय कुंडीत भरू नका. जिथे बॅटऱ्या फुटल्या, वायरी जळल्या, तिथल्या मातीत शिसं आणि कॅडमियम असू शकतं, आणि ते कुजत नाही की विरत नाही. कॅडमियम पालेभाज्या लवकर ओढून घेतात. शिसं फळात फारसं चढत नाही, पण धुळीबरोबर पानांवर बसतं आणि कंदमुळांना चिकटून राहतं. म्हणून रस्त्याच्या बाजूच्या बाल्कनीत मी वांगी, मिरची, दोडका अशी फळभाजीच लावतो. मेथी-पालक आतल्या बाजूला, गच्चीवर. पालेभाजी दोन-तीन पाण्यांतून काढायची, हे तर आहेच. नेहमीच्या माती परीक्षणात सामू, क्षार, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश कळतं. जड धातूंची तपासणी वेगळी मागून घ्यावी लागते.

यावरचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे माती कमीच वापरायची. आपल्याकडे ही वाट जाणत्यांनी कधीच घालून दिली आहे. मुंबईत डॉ. आर. टी. दोशींनी उसाच्या चिपाडांवर गच्चीत भाजी पिकवून दाखवली. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांनी ‘प्रयोग परिवारा’तून साध्या माणसांच्या हाती परसबागेचं विज्ञान दिलं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर 2002 पासून प्रीती पाटील यांनी त्याच स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर बाग उभी केली. या लोकांचं काम वाचलं की कळतं, आपल्याला नव्यानं काही शोधायचं नाही, फक्त हात चालवायचे आहेत.

चिपाड आम्हाला रसवंतीवरून मिळतं. ते आधी उन्हात कडक वाळवावं, नाहीतर उरलेल्या साखरेला मुंग्या लागतात. कुंडीच्या तळाशी नारळाच्या शेंड्या, त्यावर चिपाड आणि झाडांचा पाचोळा दाबून, मग घरचं कंपोस्ट आणि वर चार बोटं माती. महिन्याभरात हे सगळं खाली बसतं, तेव्हा वरून पुन्हा कंपोस्ट घालायचं. यात वजनाचाही मोठा फायदा आहे. माणसांचा वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला साधारण 150 किलो भार धरतात. ओल्या मातीचा फूटभर थर दिला तर तेवढ्याच जागेवर 500 किलोच्या आसपास वजन येतं. सोसायटीची कमिटी गच्चीवर माती न्यायला नाही म्हणते, तेव्हा तिच्यावर रागावण्याआधी हा हिशेब मांडून पाहावा आणि कुंड्या बीम-कॉलमच्या रेषेत ठेवाव्यात.

कंपोस्टला 20 लिटरची झाकणाची बादली पुरते. बाजूनं आणि बुडाला भोकं पाडायची. एक वाटी भाजीची देठं-सालं टाकली की वर दोन-तीन वाट्या चुरलेला पाचोळा. वास आला म्हणजे ओल जास्त झाली. पाचोळा वाढवायचा आणि ढवळायचं. अधूनमधून आंबट ताक शिंपडलं तर कुजणं जोर धरतं. दीड-दोन महिन्यांनी मातीचा वास येऊ लागला की तयार. थंडीत थोडा जास्त वेळ लागतो.

पाण्याचं आमच्याकडे वेगळंच प्रकरण आहे. महापालिकेचं पाणी 2019 च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड येतं, बाकी वेळ टँकर आणि बोअर. बोअरचं पाणी जड असेल तर कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो. आरओचं वाया जाणारं पाणी बागेला देण्याची फॅशन आहे. ते तर क्षारांचाच अर्क असतं, रोज दिलं तर महिना-दोन महिन्यांत पानांच्या कडा करपतात. ते फरशी पुसायला ठेवा. सोसायटीच्या सांडपाणी प्रकल्पाचं पाणी शोभेच्या झाडांना ठीक आहे, कोथिंबिरीला मुळीच नको. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी मात्र एक थेंब वाया घालवू नये. आणि प्रत्येक कुंडीवर पाचोळ्याचं पांघरूण ठेवलं, तर दिवसाआड पाण्यावरही बाग तग धरते.

आता हंगामाकडे येतो, कारण निम्मी कीड आपण चुकीच्या महिन्यात लावून स्वतः बोलावतो. कोणत्या महिन्यात काय लावू नये हे कळायला चाकणचा बाजार बघावा. भर पावसात कोथिंबिरीची जुडी हात भाजेल इतकी महाग होते आणि थंडीत मेथीचा भाव इतका पडतो की शेतकऱ्याचा उतरणावळीचा खर्चही निघत नाही. पावसात कोथिंबीर महाग होते ती उगाच नाही. थेंबांचा मार, मुळाशी साचणारं पाणी आणि आठवडा-आठवडा न दिसणारं ऊन, यांत ती कुजते. मग घरी तरी ती जुलैत कशी येईल? जुलै-ऑगस्टात माठ, अंबाडी आणि अळू लावावं. तेव्हा ते काही न करता वाढतं.

अक्षय्य तृतीयेच्या सुमारास हळद आणि आलं लावून टाकावं. नागपंचमीला आमचे कोकणातले शेजारी पातोळ्यांसाठी हळदीची पानं हक्कानं न्यायला येतात, आणि कंद मात्र पानं वाळल्यावर, संक्रांतीनंतर काढायचे. मृगाचा पाऊस झाला की दोडका, दुधी, कारली, काकडी, भेंडी, गवार, चवळी. वांगी, मिरची, टोमॅटोची रोपं ऑगस्ट-सप्टेंबरात ट्रेमध्ये करून ठेवायची आणि पाऊस ओसरला की मोठ्या कुंडीत हलवायची. नवरात्र सरलं की पालेभाज्यांचे दिवस. मेथी तीन-चार दिवसांत उगवते आणि महिन्याभरात हाताशी येते. धने रगडून दोन फाकी करून पेरावेत. त्यांना उगवायला आठ-दहा दिवस लागतात, तोवर कुंडी उकरून बघू नये. पालक मुळासकट उपटायचा नाही, वरून कापायचा, म्हणजे तीन-चार वेळा फुटतो. याच दिवसांत मुळा, गाजर, वाटाणा, पावटा. एप्रिल-मे महिन्यांत टोमॅटोची फुलं गळायला लागली की लोक दुकानात जाऊन टॉनिक विचारतात. झाडाला काही कमी पडलेलं नसतं. पारा पस्तिशीच्या पुढे गेला की टोमॅटो फळ धरत नाही, एवढंच.

वेलांची एक गोष्ट सविस्तर सांगायला हवी. ‘फुलं येतात, पण फळ धरत नाही’ ही तक्रार गच्चीवर हमखास ऐकू येते. पहिले दोन आठवडे बहुतेक नर फुलंच येतात, ती गळणारच. मादी फूल ओळखायला सोपं: त्याच्या मागे बोटाच्या पेराएवढा दोडका किंवा सुपारीएवढा भोपळा आधीपासून असतो. नराच्या मागे नुसता देठ. आमच्याकडे उंच मजल्यावर मधमाश्या कमी येतात, म्हणून परागकण आपणच पोचवायचे. ताजं नर फूल तोडायचं, पाकळ्या सोलून टाकायच्या आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवून फिरवायचा. बोटाला पिवळी पूड लागली म्हणजे वेळ बरोबर आहे. वेळ मात्र प्रत्येक वेलाची वेगळी. लाल भोपळा, कारलं आणि घोसाळं पहाटे-सकाळी उमलतं. दोडका आणि दुधी दुपार कलल्यावर. पहिल्या पाळीचा माणूस चारला घरी येतो, त्याच्या वाट्याला दोडका-दुधी. रात्रपाळीवाला सकाळी सातला येतो, त्याला भोपळा-कारली. आमच्या इमारतीत दोघंही आहेत आणि एकमेकांचे वेल सांभाळतात. जमलं तर तीन-चार दिवसांत ते इवलं फळ फुगायला लागतं, नाही जमलं तर पिवळं पडून गळतं.

कीड येतेच. ढगाळ हवेत वालावर मावा येतो, उन्हाळ्यात मिरचीवर पिठ्या ढेकूण. रोज सकाळी पानं उलटी करून बघितली तर बोटानं पुसून किंवा पाण्याच्या फवाऱ्यानंच निम्मं काम होतं. त्याउपर निंबोळी अर्क. आपल्या रस्त्यांवर कडुनिंब आहेत, मेअखेर-जूनमध्ये निंबोळ्यांचा सडा पडतो. गोळा करून, गर धुऊन, सावलीत वाळवून ठेवाव्यात. 50 ग्रॅम निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, फडक्यानं गाळायचं, साबणाचे चार थेंब घालायचे आणि संध्याकाळी फवारायचं. उन्हात त्याचा गुण लवकर जातो, म्हणून सकाळी मारून उपयोग नाही.

पुदिना, गवती चहा, पानओवा, तुळस, कढीपत्ता हे कमी कष्टाचे सोबती. बाजारातल्या पुदिन्याच्या जाड काड्या पाण्यात ठेवल्या की मुळं फुटतात. गवती चहाचं बेट पावसाच्या तोंडावर फोडून वाटावं.

बियाण्याचीही चौकशी हवीच. पाकिटातलं बी गुलाबी किंवा निळं दिसलं तर त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. ते मुलांच्या हाती देऊ नये आणि सेंद्रिय म्हणून मिरवूही नये. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणं जपली, त्यासाठी त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्यामुळे शहरातही गावठी बी मागणारी माणसं वाढली, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. मी जिंतूर भागातला, त्यामुळे भेंडी म्हटलं की मला परभणी क्रांतीच आठवते. परभणीच्या कृषी विद्यापीठानं ऐंशीच्या दशकात दिलेला हा सरळ वाण पांढऱ्या माशीतून पसरणाऱ्या हळद्याला दाद देत नव्हता. आता पूर्वीइतका टिकाव धरत नाही, पण घरच्या कुंडीला पुरेसा आहे, आणि सरळ वाण असल्यानं त्याचं बी धरता येतं. निरोगी झाडावरच्या खालच्या दोन-तीन भेंड्या काढायच्याच नाहीत. त्या वाळून तपकिरी झाल्या, हलवल्यावर खुळखुळल्या, की उतरवायच्या आणि चाळलेल्या राखेत बी बाटलीत भरून ठेवायचं. शेजारी दुसऱ्या जातीची भेंडी असेल तर थोडी भेसळ होते, म्हणून आमच्या मजल्यावर सगळ्यांनी एकच वाण लावायचं ठरवलं आहे. बी द्यायला माझी ना नाही. फक्त थंडी सरल्याशिवाय पेरू नका, गार मातीत भेंडीचं बी कुजतं. फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात, रात्रभर पाण्यात भिजवून, बोटाच्या एका पेराएवढं खोल लावा.