डाळ मिलचा प्रकल्प अहवाल

चिखली-मेहकर भागात मिनी डाळ मिल टाकायची, तर बँक आधी प्रकल्प अहवाल मागते. यंत्राची किंमत त्यात सगळेच लिहितात. खरी मेख खेळत्या भांडवलात असते. नवी तूर बाजारात येते जानेवारी-फेब्रुवारीत, डाळ मात्र वर्षभर विकायची. म्हणजे हंगामातच तूर भरून ठेवायला पैसा हवा. क्विंटलभर तुरीची साधारण 70 ते 75 किलो डाळ होते. हिशेब त्यावरच मांडा; पशुखाद्य म्हणून विकल्या जाणाऱ्या चुनीचे पैसेही धरा. 2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेने 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये अनुदान ठेवले. पण ते कर्जाशी जोडलेले, आणि किमान 10 टक्के रक्कम स्वतःची. अनुदान धरल्याशिवाय नफा दिसतच नसेल, तर अर्ज करण्याआधी अहवाल पुन्हा मांडा.