ध्वनिमुद्रकाची फीत इतकी वेगाने का पळते?

दोन मोठ्या रिळांवरून फीत फिरवणारा ध्वनिमुद्रक तुम्ही जुन्या चित्रपटात किंवा छायाचित्रात पाहिला असेल. एके काळी आकाशवाणीच्या केंद्रांत आणि गाण्यांच्या ध्वनिमुद्रणगृहांत अशाच टेपरेकॉर्डरांचे राज्य होते. घरगुती कॅसेटमधील फीत सेकंदाला सुमारे ४.७६ सें.मी. सरकते. या व्यावसायिक यंत्रांत मात्र हा वेग बहुधा ३८.१ सें.मी., म्हणजे आठपट असे. ७६२ मीटर लांबीचे भलेमोठे रीळ अवघ्या ३३ मिनिटांत संपून जाई! फीत काही फुकट मिळत नव्हती. मग ही उधळपट्टी कशासाठी?

त्यासाठी आवाज फितीवर कसा उमटतो ते पाहू. फीत प्लॅस्टिकची असते आणि तिच्या एका बाजूला लोहाच्या ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म कणांचा थर असतो. मुद्रण करणारे 'हेड' म्हणजे एक कड्यासारखा विद्युत्‌ चुंबक. कड्यात एक बारीक फट ठेवलेली असते. ध्वनीनुसार विद्युत्‌ प्रवाह कमीजास्त होतो, फटीपाशी चुंबकीय क्षेत्र बदलते आणि समोरून सरकणाऱ्या फितीवर तसाच चुंबकीय ठसा उमटतो. आवाज ऐकताना याच्या उलट घडते. चुंबकित फीत दुसऱ्या हेडसमोरून जाते आणि फॅरडेच्या नियमानुसार त्याच्या वेटोळ्यात विद्युत्‌ दाब निर्माण होतो.

आता थोडे गणित करू. फितीवरील एका तरंगाची लांबी म्हणजे फितीचा वेग भागिले कंप्रता (दर सेकंदाला होणारी कंपने). सेकंदाला १५,००० कंपने असलेला बारीक आवाज घ्या. ३८.१ सें.मी. वेगाला त्याचा तरंग ०.०२५४ मि.मी. जागा व्यापतो. कॅसेटवर मात्र त्याच्या वाट्याला जेमतेम ०.००३२ मि.मी. जागा येते. जणू तेच अक्षर आठपट बारीक करून लिहिले!

बारीक अक्षर वाचणे कठीण, तसेच हेही. हेडची फट तरंगाइतकीच रुंद झाली, तर उत्तर व दक्षिण ध्रुवांचे परिणाम परस्परांना रद्द करतात आणि तो स्वर ऐकूच येत नाही. धुळीचाही त्रास होतो. समजा, धुळीमुळे फीत हेडपासून केवळ ०.००१ मि.मी. दूर राहिली. मग ३८.१ सें.मी. वेगाला आपल्या स्वराचा विद्युत्‌ दाब सुमारे ७८ टक्के उरतो, पण कॅसेटच्या वेगाला जेमतेम १४ टक्के! आता कळले ना, फीत कशासाठी खर्च होत होती?

नुसता वेग असून भागत नाही, तो स्थिरही हवा. वेग डळमळला की गायकाचा स्वरही डळमळतो. म्हणून अशा यंत्रात दोन रिळांना दोन आणि फीत ओढणाऱ्या दांड्याला एक, अशा बहुधा तीन वेगळ्या मोटरी असत. वेगाचा आणखी एक फायदा होता. सेकंदाचा दहावा भाग फितीवर ३.८ सें.मी. लांब असे. त्यामुळे नको असलेला खोकला ब्लेडने कापून टोके चिकटवता येत!

फ्रिट्झ फ्लॉयमर यांनी १९२८ साली जर्मनीत चुंबकीय फितीचे पेटंट घेतले. १९३५ साली बर्लिनच्या प्रदर्शनात 'मॅग्नेटोफोन' हे यंत्र लोकांपुढे आले. पुढे कित्येक दशके जगाचे संगीत आणि भाषणे अशा फितींवर साठत गेली.

आज मुद्रण संगणकावर होते, पण त्या फिती अजून कपाटांत आहेत. १९७० ते १९९० च्या सुमारास बनलेल्या काही फितींत कण धरून ठेवणारा चिकट पदार्थ हवेतील बाष्प शोषून बिघडतो. अशी फीत वाजवली तर थर खरवडून हेडवर बसतो आणि त्याबरोबर आवाजही जातो. तज्ज्ञ ती सुमारे ५० अंश सेल्सियसला कित्येक तास शेकतात. मग ती थोडे दिवस वाजवण्याजोगी होते आणि तेवढ्या अवधीत तिची प्रत करून घ्यावी लागते. जुन्या ॲसिटेटच्या फिती मात्र याच उष्णतेने बिघडतात. म्हणून हा प्रयोग घरी करू नका!

तुमच्या घरी किंवा शाळेच्या कपाटात असे रीळ सापडले, तर ते फेकू नका आणि घाईने वाजवूही नका. कोरड्या, थंड जागी, चुंबकांपासून दूर ठेवा आणि जाणकाराला दाखवा. त्या तपकिरी फितीवर कोणाचा तरी आवाज अजून जपलेला असेल.