मामा तलावांतील पाणभुंगेरा

भंडारा जिल्ह्यातील माजी मालगुजारी तलाव, म्हणजेच मामा तलाव, कोहळी समाजाच्या जलकौशल्याची साक्ष म्हणून सर्वपरिचित आहेत. त्यांतील मासळीचा हिशेब ठेवला जातो, पक्ष्यांचीही गणना होते. परंतु अशा उथळ, पाणवनस्पतींनी भरलेल्या पाण्यात वावरणाऱ्या शिकारी पाणभुंगेऱ्यांकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते.

पाणभुंगेरे ढालपंखी गणातील डायटिस्सिडी कुलात मोडतात. या कुलातील ४,००० हून अधिक जाती ज्ञात आहेत. भारतात दूरवर पसरलेल्या मोठ्या जातींपैकी सायबिस्टर ट्रायपंक्टेटस ही एक. तिचे वर्णन ऑलिव्हिए या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने १७९५ मध्ये केले. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेतील वझिरानी यांनी १९७७ मध्ये या कुलाची पौर्वात्य प्रदेशापुरती सूची सिद्ध केली. तिचे मोल आजही कमी झालेले नाही.

हा भुंगेरा सुमारे अडीच सेंटिमीटर लांब, लंबगोल व हिरवट काळा असून त्याच्या कडेने पिवळी पट्टी असते. पोहताना तो मागचे दोन्ही चपटे, केसाळ पाय एकाच वेळी मारतो. हायड्रोफिलिडी कुलातील पाणकिडे ते आळीपाळीने हलवतात. ओळखीची ही सर्वांत सोपी खूण.

आयुष्य पाण्यात काढणाऱ्या या कीटकाला कल्ले मात्र नाहीत. तो उलटा वर येतो, उदराचे टोक पृष्ठभागाला लावतो आणि पक्षवर्मांखाली हवेचा साठा घेऊन बुडी मारतो. श्वासरंध्रे त्याच पोकळीत उघडतात. अळीसुद्धा शेपटीच्या टोकानेच श्वास घेते. तिचे कोयत्यासारखे जंभ आतून पोकळ असतात. त्यांतून ती भक्ष्याच्या शरीरात पाचक रस सोडते आणि विरघळलेले मांस शोषून घेते. डासांच्या अळ्या, बेडकांची पिल्ले, मत्स्यजिरे, काहीही तिला चालते.

म्हणूनच मत्स्यबीज केंद्रांत हा शत्रू ठरतो. जिरे सोडण्यापूर्वी संवर्धन तळ्यात हेक्टरी ५६ किलो तेल व १८ किलो साबण यांचे मिश्रण पसरवण्याची शिफारस आहे. पाण्यावर तवंग धरतो, श्वासरंध्रे बुजतात आणि कीटक गुदमरतात. मोठ्या तलावात बोटुकली सोडणाऱ्या ढिवर मच्छीमारांना मात्र या उपायाची गरज नसते, आणि तेथे तो करूही नये.

पूर्ण वाढलेली अळी पाणी सोडून काठच्या ओल्या मातीत कोष करते. प्रौढ भुंगेरा रात्री उडून दुसरे पाणी गाठतो; दिव्याकडेही येतो. मणिपूर, आसाम आणि चीनमध्ये तो खाल्ला जातो, तर चिनी वैद्यकात औषध म्हणूनही वापरतात.